मिलिंदच्या पलंगावरचा गालिचा

ग्लासगो
१२ फेब्रुवारी २००६

ती. वन्सं,
देवयानीचा नमस्कार.

काल फोनवर तुम्ही बोललात ते सगळं मी ऐकलं. मला जे बोलायचं होतं त्यातलं एक वाक्यसुद्धा झालं नाही. तुम्ही फोनवर श्वास कधी घेता हे मला लग्नापासून कळलेलं नाही. म्हणून हे पत्र. आता गप्प बसून वाचा.

तुमच्या नकुलने पाठवलेला इस्टेट एजंट गुरुवारी येऊन गेला. सभ्य होता बिचारा. बूट दाराशी काढले, खोल्यांची मापं घेतली, चहा प्यायला. बेडरूमच्या दारात मात्र जो थबकला तो थबकलाच. "मिसेस देशमुख, हे व्ह्यूइंग्जच्या आधी काढावं लागेल." म्हटलं, व्ह्यूइंग्ज होणारच नाहीत, त्यामुळे हे राहील. तोंड एवढंसं करून गेला. नकुलला सांगा, मामीवर पुन्हा माणसं सोडू नकोस.

'हे' म्हणजे काय, तेही सांगते. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तो माग आहे, गालिचा विणायचा. मी शनिवारी बायकांना इंग्रजी शिकवायला जाते ना, तिथे परीजान नावाची बाई येते. इराणच्या दक्षिणेकडची, कशकाई जमातीची. ही माणसं मेंढरं घेऊन हिवाळ्यात खाली आणि उन्हाळ्यात डोंगरावर अशी फिरतात. बायका तंबूपुढे जमिनीवरच माग आडवा ताणतात, चार खुंट्या ठोकल्या की झाला. समोर ना चित्र ना कागद, सगळं डोक्यात. इथे आश्रय मागून आलेली, नवव्या मजल्यावर एकटी राहते. एकदा मला म्हणाली, टीचर, माझ्या फ्लॅटला जमीनच नाही. मी म्हटलं, माझा फ्लॅट तळमजल्यावर आहे.

खुंट्या काही लाकडी फ्लोअरला ठोकता येईनात. मग आम्ही पलंगाचे पाय काढले, फळ्या काढल्या आणि चौकट जमिनीवर टाकून तिच्यावर लोकरीचे उभे धागे ताणले. मी आता छोट्या खोलीतल्या सिंगल बेडवर झोपते. ती उजवीकडे बसते, मी डावीकडे.

मी घर विकणार नाही. तुमच्याकडे रीडिंगला राहायला येणार नाही. गालिचा पुरा झाला की पाहुणी म्हणून जरूर येईन.

तुमची,
देवयानी


रीडिंग
२६ फेब्रुवारी २००६

चि. देवयानी,
अनेक आशीर्वाद. ('सौ.' लिहिलं होतं, ते खोडलं. वर्ष होऊन गेलं तरी हाताला समजत नाही.)

पलंग! अगं, माझ्या भावाचा पलंग! तू त्याचे पाय काढलेस? जनाची नाही तर निदान मनाची तरी! मिलिंदने तो एडिनबराहून व्हॅनच्या टपावर बांधून आणला होता, वाटेत पाऊस लागला तर स्वतःचा रेनकोट काढून गादीवर घातलान् आणि आठवडाभर शिंकत बसला. आणि तू त्याच्यावर मेंढ्यांची लोकर ताणलीस.

गालिचा हवा तर दुकानात मिळतो. इथे ऑक्सफर्ड रोडवर ढिगाने आहेत, घरपोच आणून देतात. बासष्टाव्या वर्षी फतकल मारून गाठी मारत बसायची ही काय हौस? पाठ धरली म्हणजे कोण बघणार तुला? तुझी ती परीजान?

इथे काय कमी आहे सांग. बागेकडची खोली आहे, सकाळचं ऊन येतं. मंजिरी जिवाला जीव देणारी सून आहे. नकुल संध्याकाळी "आई, चहा पाहिजे का?" विचारल्याशिवाय कोट काढत नाही. तनूला मराठी बोलायला कुणीतरी हवं, माझ्याशी बोलताना कंटाळते. दोघी मिळून राहू. मी तुझ्यासाठी सांगतेय, मला काय त्याचं!

पत्राबरोबर पाठवलेला फोटो पाहिला. विणकाम म्हणशील तर लाल बरा आहे. पण डावा काठ आत ओढला गेलाय. डावी बाजू तुझी ना? वाटलंच. तू स्वेटरचासुद्धा गळा नेहमी घट्ट करायचीस.

लीलावती


ग्लासगो
३ एप्रिल २००६

ती. वन्सं,

काठ आत ओढला गेलाय हे तुम्हाला पोस्टकार्डाएवढ्या फोटोत दिसलं? धन्य आहे तुमची. परीजानला वाचून दाखवलं तर ती मांडीवर थाप मारून हसली आणि म्हणाली, ही बाई मला हवी.

आमचं बोलणं कसं चालतं विचाराल, तर देवाला ठाऊक. तिचं इंग्रजी मोडकं, माझं फारसी शून्य. पण रंग म्हटलं की तिला कळतं, नरम म्हटलं की कळतं, जमीन म्हटलं की कळतं. बाकीचं ती माझ्या हातावर चापट मारून सांगते. गाठ सैल पडली की चापट. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण माझ्यावर कुणी हात उगारला नव्हता. आता रोज खाते आणि मला बरं वाटतं, हेही लिहून टाकते.

गेल्या आठवड्यात लाल लोकर संपली. अल्बर्ट ड्राइव्हवरच्या दुकानातून रंगासाठी मंजिष्ठा आणली, मोठ्या पातेल्यात उकळली. त्याच पातेल्यात मी तुमच्या वाढदिवसाला बासुंदी केली होती. आता त्यात बासुंदी करणे नाही. दुसरा लाल पहिल्यासारखा उतरलाच नाही, विटकरीकडे गेला. मी रडकुंडीला आले. परीजान म्हणाली, पाणी वेगळं, दिवस वेगळा, लाल वेगळा. आणि बसली विणायला. मधूनच रंग बदललेला पट्टा आता सरळसरळ दिसतो. आम्ही तो तसाच ठेवलाय.

आता रागावून लिहिते, माफ करा. तुम्ही मागच्या महिन्यात तीनदा फोन केलात आणि तीनदा घर विकायचंच काढलंत. मिलिंदच्या आजारपणात तुम्ही इथे येऊन राहिलात, त्याचं सगळं केलंत, ते मी जन्मात विसरणार नाही. पण त्यामुळे माझ्या घराची किल्ली तुमच्या कनवटीला गेली नाही. तुम्हाला माझी काळजी आहे की रिकाम्या घरात हुकूम करायला कुणीतरी हवं आहे? नकुल-मंजिरी दिवसभर ऑफिसात. तनू शाळेत. मी आले म्हणजे तुमची सोय. मला हे असंच वाटतं. वाटतं ते लिहिलं.

देवयानी


रीडिंग
२० एप्रिल २००६

देवयानी,

पत्र पोचलं. बोललीस ते बोललीस. मी थोरली आहे, गिळून टाकते.

हुकूम करायला मला माणसांची वाण कधीच पडली नाही. शाळेच्या कँटीनमध्ये मी दोनशे इंग्रज पोरांना रांगेत उभं करत होते, तुझ्यासारखी एक गणिताची मास्तरीण काय चीज आहे.

ये म्हणते ती सप्टेंबरच्या आत ये. का, ते विचारू नकोस. हॉलमध्ये खोकी पडली आहेत, तनूचा पियानो कुणी परवा घेऊन गेलं, मंजिरीने स्प्रिंग क्लीनिंग काढलंय. त्या गडबडीत जास्त लिहीत नाही.

लाल बदलला तो बदलला. पण नव्या फोटोत कडेला जी शिवण घातलेली दिसते, काळी-पांढरी, ती छान आहे. ती कुणाची?

लीलावती


ग्लासगो
११ जून २००६

ती. वन्सं,

कडेची शिवण परीजानची. बकरीच्या केसांची आहे. आणि परीजान गेली.

घाबरू नका, चांगल्यासाठीच गेली. होम ऑफिसचं पत्र आलं, तिला राहायची परवानगी मिळाली. आम्ही दोघी पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात नाचलो, लहान वयाला शोभेल असं. पण परवानगी मिळाली की आश्रयाचा फ्लॅट महिन्याभरात सोडावा लागतो, असा नियम आहे. तिची बहीण कार्डिफला असते, तिने बोलावून घेतलं. मी म्हटलं, माझ्याकडे राहा. तर म्हणाली, सात वर्षांत बहीण पाहिली नाही, टीचर. सेंट्रल स्टेशनवर सोडून आले. गालिचा अर्धाच आहे.

त्यानंतर मी जो शहाणपणा केला तो ऐका. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, दुसऱ्याच्या पानातलं उचलू नये. उजवी बाजू तिची, तिथे आपण हात लावायचा नाही. मी माझ्याच बाजूला बसून माझंच विणत राहिले. आडवा धागा मधोमध नेऊन मागे वळवायचा, पुन्हा गाठी, पुन्हा पंजाने, म्हणजे जड फणीने, ठोकायचं. माझी बाजू चार बोटं वर चढली, तिची होती तिथेच. आणि एका सकाळी पाहते तर मधोमध ही एवढी फट! तिच्या बाजूचे उभे धागे सैल लोंबायला लागलेले, पलंगाची आडवी पट्टी तिरकी झालेली. हात आत घातला तर आरपार गेला. कात्री घेऊन बसले होते. म्हटलं, कापून टाकावं सगळं, पलंगाला पाय लावावेत आणि त्या इस्टेट एजंटला फोन करावा. खोटं नाही सांगत.

फोन परीजानला केला. ती आधी खो खो हसली. मग रागावली. म्हणाली, माझी बाजू कुठली? आमच्याकडे मागावर कुणाची जागा नसते. एकीचं लग्न झालं, एक आजारी पडली, एक पाण्याला गेली, तर तंबूत जी असेल ती बसते. पाहुणी आली तरी बसते. मी म्हटलं, पण हात वेगळा दिसेल. तर म्हणाली, दिसू दे, घरात माणसं होती हे कळतं त्याने. अर्धा माग रिकामा ठेवायचा नाही, बस्स. आणि निघायची वेळ आली तर माग कुणासाठी थांबत नाही. खुंट्या उपटायच्या, विणलेलं तसंच गुंडाळायचं, गाढवावर घालायचं, पुढच्या मुक्कामी पुन्हा ताणायचं.

मी ती चार बोटं उसवली. बोटांची सालं निघाली. आता एकदा डावीकडे बसते, एकदा उजवीकडे. दिवसाला दोन ओळीही होत नाहीत. पण सोडणार नाही.

आता तुमचं. 'का ते विचारू नकोस' म्हणालात म्हणून दोन महिने विचारलं नाही. पुष्कळ झालं. मंजिरीने वीस वर्षांत कधी स्प्रिंग क्लीनिंग केलेलं मला आठवत नाही, आणि त्यासाठी कुणी पियानो विकत नाही. वन्सं, काय चाललंय? सरळ लिहा.

देवयानी


रीडिंग
२५ जून २००६

चि. देवयानी,

सरळ लिहिते. मध्ये मध्ये शाई फुटली तर फुटली.

नकुलची बदली झाली, सिंगापूरला. तीन वर्षं म्हणतात, पुढे वाढेल. सप्टेंबरमध्ये जायचं, तनूची शाळा तिकडची ठरली. घर भाड्याने द्यायचं. आणि माझी सोय पुण्याला. ज्येष्ठांसाठी नवी वसाहत झाली आहे, हिंजवडीच्या पुढे कुठेतरी. चकचकीत पुस्तिका आणून माझ्यापुढे ठेवली आणि आपल्या इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाला, "आई, तुझा खोली गार्डनकडे आहे. नर्स पण आहे. भजनचा क्लास पण असतो." त्याच्या पोटात माया आहे, नाही असं नाही. रात्र रात्र बसून त्याने सगळं शोधलंय. पण मला विचारलं नाही, सांगितलं.

पस्तीस वर्षं झाली गं मला इथे. पुण्यात माझं कोण उरलंय? जी होती ती फोटोत आहेत. मी भजन कधी म्हटलंय? मला तिथे नेऊन ठेवतील, आणि दर रविवारी कॉम्प्युटरवर माझं तोंड बघतील.

म्हणून तुझ्या मागे लागले. नकुल म्हणाला होता, मामी येऊन राहिली तर दोघींसाठी घर ठेवू, भाड्याने देणार नाही. एकटीला नाही ठेवणार म्हणाला. गेल्या वर्षी जिन्यात पडले होते, ते मी तुला सांगितलं नव्हतं. तर तुझं म्हणणं अर्धं खरं. माझी सोयच बघत होते. हुकूम करायला नव्हे, राहायला.

बागेकडच्या खोलीत सकाळचं ऊन येतं म्हणाले ते खरं आहे. पण त्या खोलीत आता सगळी खोकी आहेत. मी जिन्याखालच्या छोट्या खोलीत झोपते.

हे वाचून दयेपोटी येऊ नकोस. तसं आलीस तर दारातून परत पाठवीन.

लीलावती


ग्लासगो
३ जुलै २००६

ती. वन्सं,

मी येत नाही. दयेपोटीही नाही, रागापोटीही नाही. तुम्ही या.

आधी पत्र वाचून मी बराच वेळ रडले, मग तुमच्यावर चिडले, मग स्वतःवर. चार महिने फोनवर घर विका, घर विका, आणि 'मला कुठे ठेवायचं हे माझ्यावाचून ठरतंय' एवढं वाक्य तुमच्या तोंडून निघालं नाही. आणि मी शहाणी, तुम्हाला कनवटीची किल्ली ऐकवली! जाऊ दे. ते झालं.

आता नीट ऐका. परीजान म्हणाली तसं, अर्धा माग रिकामा ठेवायचा नसतो. उजवी बाजू रिकामी आहे. मला तिथे पाहुणी नको, रोज बसणारी बाई हवी. तुमच्या क्रोशाच्या सुया चाळीस वर्षं चालल्या, तुम्हाला पोस्टकार्डाएवढ्या फोटोत काठ दिसतो. माझ्या ओळखीत एवढी खडूस नजर दुसऱ्या कुणाची नाही. गुडघ्यांचं कारण काढू नका. पलंगाच्या काढलेल्या फळ्यांचा मी बुटका बाक करून घेतलाय, जॉइनर म्हणजे इथला सुतार येऊन गेला. फ्लॅट तळमजल्यावर आहे, जिना नाही, पडायची सोय नाही. मिलिंदची अभ्यासाची खोली तुमची. त्याची पुस्तकं हलवणार नाही, तुम्हालाच हलवायची असली तर हलवा, तुमचा भाऊ. ऊन येईलच असं लिहून देत नाही. पण एप्रिलपासून स्कॉटलंडभर साठीच्या पुढच्यांना बस फुकट झाली आहे, आणि फुकट बस मिळाल्यावर तुम्ही घरात बसणार नाही हे मला ठाऊक आहे.

अटी दोन. एक, स्वयंपाक पाळीपाळीने. दोन, फोनवर जशा बोलता तशा समोर बोललात तर मीही बोलणार.

मी घर विकणार नाही आणि तुम्ही पुण्याला जाणार नाही. नकुलला मी फोन करणार नाही. तुमच्याविषयी तुमच्या पाठीमागे बोलणारी अजून एक व्हायचं नाही मला. तुम्हीच सांगा त्याला. सांगाल ना?

देवयानी


रीडिंग
१९ ऑगस्ट २००६

चि. देवयानी,
आशीर्वाद.

दीड महिना पत्र नाही म्हणून तू काय काय समजली असशील ते मला माहीत आहे. मी घाबरले होते. दुसरं काही नाही. रोज ठरवायचे की आज सांगते, आणि नकुल घरी यायचा, "आई, चहा पाहिजे का?" विचारायचा, की माझा धीर जायचा. एवढ्या प्रेमाने कुणी तुम्हाला गाडीत घालत असेल तर भांडायचं कसं?

परवा त्या वसाहतीचे कागद सहीला आले. पेन माझ्या हातात दिलं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, मी ग्लासगोला जाते आहे. मंजिरीच्या हातातला कप तसाच राहिला. नकुल म्हणाला, "आई, मामीचा घरात थंडी खूप असतो." म्हटलं, स्वेटर आहेत. "तू पडली तर?" म्हटलं, तर देवयानी उचलेल, ती पडली तर मी उचलीन, दोघी पडलो तर शेजारी आहेत. "पण मी सगळं अरेंज केलंय, आई!" म्हटलं, बाळा, फार छान केलंयस. पण मला विचारलं नव्हतंस. तो उठला. मग बागेत जाऊन उभा राहिला. तू म्हणशील आता आई विरघळली असेल. विरघळले होते. पण उठले नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिले.

बऱ्याच वेळाने आत आला. डोळे लाल. म्हणाला, "मग मी तुला गाडीने सोडतो." म्हटलं, नको. तू सोडलंस तर मी पाहुणी होईन. माझी मी येते.

आज सकाळी रीडिंग स्टेशनवर गेले, एकटी. दोन तारखेचं तिकीट काढलं, बर्मिंगहॅमला गाडी बदलायची, संध्याकाळी सहाच्या सुमारास पोचते. खिडकीतली मुलगी गोड होती. म्हणाली, "रिटर्न घ्या ना, लव्ह, फक्त एक पाउंड जास्त पडतो." तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. एका पाउंडात परतीचं तिकीट मिळत असताना मी आयुष्यात कधी सोडलेलं नाही. हात पर्समध्ये गेलासुद्धा.

मग पर्स मिटली. म्हटलं, "नो, थँक यू. आय लिव्ह देअर."

लीलावती